न जेवता वाढलेलं वजन

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या पानावर एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की कोरोना आता नावापुरता उरला आहे. ताप आला तर चार दिवस पेज जेवायची, गरम पाणी भरपूर प्यायचं आणि पाचव्या दिवशी उठून कामाला लागायचं. धडधाकट माणसाबद्दल त्यांचं म्हणणं बहुतांशी खरं आहे, त्यावर माझा वाद नाही. पण त्या पत्रातली पेज आणि ते भरपूर पाणी माझ्या घशाशी अडकलं. याच दोन गोष्टींनी माझ्या घरात काय केलं ते तारीखवार एका वहीत लिहिलेलं आहे, म्हणून हे पत्र.

मी गोव्यातल्या साखळी गावची. हायस्कुलात 31 वर्षं गणित शिकवलं. यजमान कदंबवर, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसवर, चालक होते. 2014 साली त्यांची बायपास झाली. त्याआधीच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा निकामी झाला होता, त्यामुळं बायपासनंतरही इजेक्शन फ्रॅक्शन 35 टक्क्यांवर थांबलं. हा आकडा ज्यांच्या घरात नाही त्यांच्यासाठी सांगते. हृदयाचा डावा कप्पा भरल्यावर एका ठोक्यात त्यातलं किती रक्त बाहेर फेकलं जातं, त्याचं हे प्रमाण. निरोगी माणसात ते 55च्या वर असतं. आमच्याकडं 35. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं: दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी नाही, मीठ मोजून, आणि रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन. शाळेची एक जुनी उरलेली वही मी त्यासाठी काढली. चार रकाने आखले: वजन, रक्तदाब, नाडी, सूज. यजमान त्याला ‘लॉगशीट’ म्हणतात.

कोरोना आमच्या घरात शिरला 2021च्या मे महिन्यात, पण त्याची भीती वर्षभर आधीच आली होती. मार्च 2020मध्ये, जनता कर्फ्यूच्या सुमारास, व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरत होता. रक्तदाबाच्या अमुक गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरात विषाणूला दार सताड उघडं मिळतं, त्या ताबडतोब बंद करा, असा. त्यात रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन या जातीच्या गोळ्यांची नावं होती. यजमानांची रॅमिप्रिल चालूच होती. निरोप अगदीच हवेतला नव्हता, हेच त्यातलं वाईट. विषाणू आपल्या पेशीत शिरताना एसीई-2 नावाच्या प्रथिनाला धरतो, ते फुप्फुसात असतं तसं हृदयात आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही असतं, आणि या गोळ्यांचा त्याच साखळीशी संबंध आहे. अर्धं सत्य होतं. यजमानांनी मला न विचारता चार दिवस गोळी उशीखाली ठेवली! वहीत रक्तदाब चढलेला दिसला तेव्हा मला कळलं. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी त्याच महिन्यात गोळ्या बंद करू नका म्हणून सांगितलं होतं. पुढं ब्राझीलमध्ये कोरोनानं दाखल झालेल्या 659 रुग्णांवर पडताळणी झाली. अर्ध्यांच्या या गोळ्या थांबवल्या, अर्ध्यांच्या चालू ठेवल्या. थांबवून काहीच फायदा झाला नाही. उशीखालच्या गोळ्यांचं ओझं मात्र हृदयावर पडतं.

आता मे 2021. 8 तारखेला रात्री यजमानांना ताप आला, 9 तारखेला राज्यात कर्फ्यू लागला, 11 तारखेला चाचणी पॉझिटिव्ह. त्या दिवसांत गोव्यात तपासलेल्या दोघांतला एक पॉझिटिव्ह निघत होता, त्यामुळं कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. ऑक्सिजन 96. घरीच राहा म्हणाले. ऑक्सिमीटर आला, थर्मामीटर आला, पॅरासिटामॉल आली.

आणि सल्ले आले. शेजारीण फाटकावर काढ्याची किटली ठेवून जायची. माया होती तिची, बोल लावत नाही. काढ्यात तुळस, सुंठ, मिरी, दालचिनी, आणि घसा दुखतो म्हणून मूठभर ज्येष्ठमध. तासातासाला गरम पाणी. अशक्तपणा आला म्हणून भाचरानं फोनवर सांगितलं, ओआरएस द्या. मी एक लिटरचं पाकीट कालवलं, दुसऱ्या दिवशी दुसरं. जेवण जात नव्हतं, तोंडाला चव नव्हती, म्हणून पेज. आणि पेजेला आमच्याकडं काय असतं ते गोव्यातल्या वाचकाला सांगायला नको. बरणीतलं खारातलं तोर, म्हणजे मिठात मुरलेली कैरी. कर्फ्यूत ताजी मासळी नाही, म्हणून बाजूला भाजलेला सुका बांगडा.

ही सगळी चूक माझी. सात वर्षं मीठ चमच्यानं मोजणारी बाई मी, आणि ताप आल्याबरोबर तो सगळा हिशोब विसरले. ओआरएसच्या एका लिटरात अडीच ग्रॅमच्या वर मीठ असतं. जुलाबानं सुकलेल्या पोराला ते जीव देतं. ज्याचं हृदय आधीच पाणी पुढं ढकलू शकत नाही, त्याच्या अंगात तेच साचतं. तोर, बांगडा, ओआरएस अशी बेरीज मी नंतर केली, आणि तेव्हा वही मिटून ठेवावीशी वाटली. ज्येष्ठमधाचं तर मला ठाऊकच नव्हतं. ते पोटात जास्त गेलं तर शरीर मीठपाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. यजमान अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी लॅसिक्स घेतात, तीही पोटॅशियम काढते. पोटॅशियम उतरलं की ठोक्यांची लय बिघडायला निमित्त लागत नाही.

फोनवर प्रत्येक जण एकच विचारायचा, “ऑक्सिजन किती?” मी सांगायची, 95. “मग बरं आहे.” त्या चिमट्यासारख्या यंत्रावर दोन आकडे दिसतात. वरचा ऑक्सिजनचा, खालचा नाडीचा. खालचा मला एकानंही विचारला नाही. एरवी 66-68 असणारी नाडी 14 तारखेला 104 होती. ताप असला की हृदय वेगानं चालतं, त्याला स्वतःलाच जास्त ऑक्सिजन लागतो, आणि नेमका तेव्हाच फुप्फुसातून कमी मिळतो. तरुण हृदय हे आठवडाभर सोसतं. 35 टक्केवालं कुठून सोसणार?

वहीतला वजनाचा रकाना असा आहे. 9 मे: 61.2. 12 मे: 61.6. 14 मे: 62.7. 16 मे: 64.1.

16 मे म्हणजे तौक्ते वादळाचा दिवस. आदल्या रात्रीपासून वारा, पहाटे वीज गेली ती गेलीच. सकाळी मेणबत्ती धरून मी काट्यावरचा आकडा वाचला आणि वाटलं, काटा बिघडला. मग स्वतः चढले. माझं वजन जिथल्या तिथं. मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आले की उत्तर विचित्र आलं तर आधी गणित तपासा, मग उत्तरावर विश्वास ठेवा. आठवडाभर जो माणूस दिवसाला दोन वाट्या पेज जेवला, त्याचं वजन चार दिवसांत अडीच किलोनं वाढूच शकत नाही. ते मांस नव्हे, चरबी नव्हे. पाणीच. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. रात्रभर ते खुर्चीत बसून होते. मला वाटलं वादळाच्या आवाजानं झोप येत नसेल. विचारलं तर म्हणाले, “आडवें पडूंक जायना गो. पडलों की बुडल्याबशेन दिसता.” (आडवं पडता येत नाही, पडलो की बुडाल्यासारखं वाटतं.)

ऑक्सिजन 93 होता. तो बघून फोनवरच्या एका हितचिंतकानं पालथं झोपवायला सांगितलं. ज्याला उताणंही पडता येत नाही त्याला पालथं कसं घालणार? शेवटी यजमानांच्या नेहमीच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लागला. रेंज येत-जात होती, म्हणून मी फक्त चार आकडे वाचून दाखवले. ते अर्धा क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, “बाई, हा फुप्फुसांपेक्षा हृदयाचा त्रास दिसतो. लॅसिक्सची मात्रा आत्ता वाढवा आणि मिळेल त्या गाडीनं निघा.” मात्रा किती ते मी इथं मुद्दाम लिहीत नाही. एकाची मात्रा दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि वर्तमानपत्राचं कात्रण गोळ्यांच्या डब्यात ठेवणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत.

108ची गाडी आली, पण आमच्या वाड्याच्या तोंडाशी आंबा आडवा पडला होता, त्यात विजेच्या तारा. पलीकडच्या घरातली दोन पोरं मास्क लावून, कोयती घेऊन उतरली. वीज नक्की गेली आहे का याची खात्री त्यांनी कशी केली ते मी अजून विचारलेलं नाही. यजमानांना आम्ही खुर्चीसकट फांद्यांवरून पलीकडं नेलं. पस्तीस वर्षं बस चालवलेला माणूस, तशा अवस्थेतही रुग्णवाहिकेच्या चालकाला सांगत होता की डिचोलीच्या बाजूनं घे, तिकडं झाडं कमी.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. तिथं सीटी स्कॅनवर कोरोनाचा स्कोर 25 पैकी 6 आला, म्हणजे फुप्फुसांचा आजार सौम्य. पण दोन्ही बाजूंना पाणी, आणि हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी फार वर. म्हणजे ताप कोरोनाचा, दम हृदयाचा. डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं ते माझ्या भाषेत असं. हा विषाणू हृदयाच्या रुग्णाला चार वाटांनी गाठतो. ताप आणि कमी ऑक्सिजननं हृदयावर भार येतो, ही पहिली. शरीराची प्रतिकारशक्ती बेभान झाली की सूज येते, ती हृदयाच्या स्नायूलाही येऊ शकते. रक्त गोठण्याकडं झुकतं, आणि ज्याच्या वाहिन्या आधीच अरुंद, ज्याच्या आत स्टेंट बसवलेला, त्याला ती गुठळी महागात पडते. चौथी वाट म्हणजे आपण स्वतः: चुकलेल्या गोळ्या, मीठ, पाणी, उशीर. पहिल्या तीन आपल्या हातात नाहीत.

आकडे मी नंतर शोधून वाचले, सवय जात नाही. चीनमध्ये फेब्रुवारी 2020पर्यंतच्या 44,672 निश्चित रुग्णांत मृत्यूचं प्रमाण एकंदर 2.3 टक्के होतं. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांच्यात 10.5. वुहानच्या एका रुग्णालयात दाखल 416 जणांपैकी सुमारे एक पंचमांश रुग्णांच्या रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं सापडलं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालेली. त्या गटातले निम्म्याहून जास्त दगावले, बाकीच्यांत शंभरी चार-पाच. हे आकडे लस नव्हती तेव्हाचे आहेत, रुग्णालयापर्यंत पोचलेल्यांचे आहेत. आज कुणी ते तसेच्या तसे मांडून घाबरवू लागला तर मीच त्याला गुण देणार नाही. पण दोन गटांतलं अंतर बघा. ‘साधी सर्दी’ म्हणणाऱ्यांनी ते अंतर तरी लक्षात घ्यावं.

वॉर्डात आम्हाला प्रवेश नव्हता. मी गोळ्यांचा डबा, त्यावर सकाळ-दुपार-रात्र लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दारावर दिला होता. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर यजमान दिसले, आणि त्यांच्या मागच्या कपाटावर तीच पिशवी, माझी गाठ तशीच. कोरोनाची इंजेक्शनं चालू होती, लॅसिक्स शिरेतून चालू होती, पण ठोक्यांचा वेग आवरणारी मेटोप्रोलॉल तीन दिवस पोटात गेली नव्हती. ही गोळी एकदम तोडली तर हृदय उसळी मारतं, हे आमच्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर छापलेलं आहे. त्याच रात्री ठोके 140 आणि लय पार विस्कटलेली. एका गोळीमुळंच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही. ताप होता, पोटॅशियम उतरलेलं होतं, कोरोनानंही लय बिघडते. पण गाठ सोडायची राहिली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या परिचारिकेवर माझा राग नाही. चष्म्यावर वाफ धरलेली, घामानं निथळणारी ती मुलगी फोन यजमानांच्या तोंडासमोर धरून उभी होती आणि मागून तिला तीन ठिकाणांहून हाका येत होत्या. मी एकेक नाव वाचलं, तिनं हाताच्या मोज्यावर पेनानं लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून गोळ्या सुरू झाल्या.

अकराव्या दिवशी घरी आणलं. वजन 59.8.

लोक समजतात की निगेटिव्ह आला म्हणजे संपलं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरून 2022मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, कोरोनातून उठलेल्या दीड लाखांवर माणसांचा. वर्षभरात त्यांच्यात हृदय कमजोर पडण्याचं प्रमाण, कोरोना न झालेल्यांच्या तुलनेत, 72 टक्क्यांनी जास्त निघालं. हा आकडा तिठ्यावर पोचेपर्यंत ‘शंभरातल्या 72 जणांचं हृदय गेलं’ असा झाला, हे मी कानांनी ऐकलं. तसं नाही. हिशोब केला तर हजारी साधारण 12 माणसं जास्तीची. कमी नाहीत, पण 720ही नाहीत. याच तिठ्यावर दुसरं एक मत पक्कं आहे: तरुण पोरं मैदानावर कोसळतात ती लशीमुळं. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, 18 ते 45 वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, 729 मृत्यू आणि त्यांच्याशी ताडून पाहिलेली 2,916 माणसं. लस घेतलेल्यांत धोका वाढलेला दिसला नाही, उलट कमीच. वाढलेला दिसला तो कोरोनानं रुग्णालयात राहून आलेल्यांत, घराण्यात असे मृत्यू झालेल्यांत, आधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू प्यायलेल्यांत किंवा अंगमोड व्यायाम केलेल्यांत. आमच्या वाड्यावर ही यादी मी वाचून दाखवली. दारूपाशी आल्यावर सगळ्यांना कामं आठवली.

आणखी एकाची गोष्ट सांगते, कारण त्याला कोरोना झालाच नव्हता. 2020च्या टाळेबंदीत आमच्या ओळखीच्या एका माणसाच्या छातीत दुखू लागलं. रुग्णालयात गेलो तर कोरोना लागेल म्हणून रात्रभर लिंबू-सोडा पीत बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी नेला. वाचला, पण आता तोही 35 टक्क्यांच्या पंगतीत. त्याच्यासारखे देशभर होते. पावणेदोनशेहून अधिक रुग्णालयांच्या नोंदी बघितल्या तर त्या तीन महिन्यांत हृदयविकाराचा झटका येऊन दाखल होणारे एक तृतीयांशानं घटले होते. झटके काही कमी झाले नव्हते. आणि गोव्यात तर ‘स्टेमी गोवा’ योजनेखाली जवळच्या आरोग्य केंद्रातच ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळण्याची सोय आहे. छातीत दुखलं तर 108 लावायचा, ताप असो वा नसो.

आता मागणं. आरोग्य खात्यानं आणि खासगी रुग्णालयांनीही हृदयाच्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर एक चौकट छापावी: ‘ताप आल्यास’. त्यात पाण्याची मर्यादा, मीठ, कुठल्या गोळ्या कधीच बंद करायच्या नाहीत, अंगदुखीला पॅरासिटामॉल सोडून दुसरी वेदनाशामक विचारल्याशिवाय घ्यायची नाही (आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही अंगात पाणी साचतं), आणि दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं तर कुणाला फोन करायचा. ऑक्सिमीटर घरोघर पोचवता आला, तर साधा वजनकाटा का नाही? आणि पुन्हा कधी नातेवाइकांना दाराबाहेर ठेवायची वेळ आली, तर गोळ्यांची पिशवी घेणाऱ्यानं ती आपल्यासमोर उघडून कागदावर उतरवून घ्यावी. हे फक्त कोरोनापुरतं नाही, फ्ल्यूलाही लागू आहे. आपल्या दैनिकानं पावसाळा तोंडावर असताना एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाकडून यावर लिहून घेतलं तर बरं होईल. माझ्यासारख्या गणिताच्या बाईनं किती लिहायचं?

यजमान बरे आहेत. लय अधूनमधून चुकते म्हणून रक्त पातळ राहण्याची गोळी वाढली. आज सकाळचं वजन 60.9, सूज नाही. तोरांची बरणी मी त्याच वर्षी काढ्यावाल्या शेजारणीला देऊन टाकली. यजमान रोज दहा वाजता तिच्याकडं ‘पेपर वाचायला’ जातात. पेपर आमच्याच घरी येतो.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त गणित शिक्षिका
साखळी, गोवा
(नाव छापू नये ही विनंती.)